रस्त्यांची वीण आणि पसरणारे पुणे

पुण्याच्या वाहतुकीवरचा वाद गेली अनेक वर्षे दोन बाजूंत अडकून पडला आहे. एका बाजूला उड्डाणपूल, बोगदे आणि रस्तारुंदी हवी आहे. दुसऱ्या बाजूला नवा रस्ता म्हटले की संशय येतो आणि मेट्रो व पीएमपीच्या बस यांवाचून तरणोपाय नाही, असे तिचे म्हणणे असते. एकमेकांचे तोंडही पाहायला तयार नसलेल्या या दोन्ही बाजूंची मोजमापे मात्र एकच आहेत : रस्ता किती मीटर रुंद, मार्ग किती किलोमीटर लांब, खर्च किती कोटी. हा रस्ता आणखी किती रस्त्यांना जाऊन मिळतो, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते पुण्याचे दुखणे रस्ते अरुंद असण्याचे कमी आणि रस्ते एकमेकांपासून तुटलेले असण्याचे अधिक आहे. हा तुटकपणा आपल्याला पेशवाईकडून किंवा इंग्रजांकडून वारशाने मिळालेला नाही. गेल्या तीन-चार दशकांत तो आपणच तयार केला, आणि शहराच्या कडेवरील गावांत आजही तो रोज तयार होत आहे.

रस्त्यांची वीण किती घट्ट आहे, हे मोजता येते. रस्ते जिथे मिळतात किंवा संपतात असा प्रत्येक बिंदू घ्यावा आणि तिथून किती वाटा फुटतात ते पाहावे. रस्ता भिंतीशी संपत असेल तर एक, तिठा असेल तर तीन, चौक असेल तर चार. एखाद्या भागातील सर्व बिंदूंची सरासरी काढली की तो भाग किती जोडलेला आहे, याचा ढोबळ पण भरवशाचा अंदाज येतो. ही सरासरी कागदावर किरकोळ दिसते, परंतु तिचा परिणाम प्रचंड असतो. चौकाचौकांनी जोडलेल्या वस्तीत एखाद्याला पाच चौक पूर्वेला आणि पाच चौक उत्तरेला जायचे असेल, तर कुठेही उलटे न फिरता, सारख्याच अंतराचे २५२ वेगवेगळे मार्ग त्याला उपलब्ध असतात. त्याच वस्तीत प्रत्येक गल्ली एकाच अंतर्गत रस्त्याला आणि प्रत्येक अंतर्गत रस्ता एकाच मोठ्या रस्त्याला मिळेल अशी रचना केली, तर मार्ग एकच उरतो. मग शाळेची व्हॅन, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, भाजी आणायला निघालेली दुचाकी आणि मुंबईला निघालेली मोटार ही सगळी त्या एकाच रस्त्यावर येतात. तो रस्ता तीस मीटरांचा केला काय किंवा साठ मीटरांचा केला काय, सर्वांना तिथेच आणून सोडणारी रचना कायम राहते.

पुण्यात ही रचना कशी बदलत गेली, ते पत्त्यांवरून वाचता येते. पेठांतील पत्त्याला घर क्रमांक आणि पेठेचे नाव पुरते. शिवाजीनगरच्या जुन्या पत्त्यांत ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिलेला आढळतो. बाणेर, उंड्री, आंबेगाव किंवा वाघोली येथील पत्त्यात मात्र ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक’ असते. या तीन पत्त्यांमागे शहर वाढवण्याच्या तीन पद्धती आहेत. पेठा वसवल्या गेल्या तेव्हा घर आणि बाजार दोन्ही पायी चालणाऱ्या माणसासाठी होते, म्हणून मोठ्या रस्त्यांमध्ये बोळ होते आणि बहुतेक बोळ दुसऱ्या बाजूला निघत. ‘फायनल प्लॉट’ हा शब्द आला तो १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातून. भारतातील या प्रकारचा हा पहिला कायदा. त्यात एखाद्या भागातील सर्व मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांवर आधी रस्ते, बागा व सार्वजनिक जागा आखायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराचे अंतिम भूखंड करून मूळ मालकांना परत द्यायची, अशी योजना होती. भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, या पद्धतीने आखले गेले. तिथे घरे येण्याआधी रस्ते आले.

‘सर्व्हे नंबर’वाल्या पुण्यात मात्र घरे आधी आली. सर्व्हे नंबर हा मुळात शेतसाऱ्यासाठी केलेल्या मोजणीचा आकडा. त्याचा आकार ओढा, बांध, विहीर यांनी ठरलेला, आणि त्याचे हिस्से भावाभावांच्या वाटण्यांनी पडलेले. अशा दोन-तीन हिश्श्यांवर एक प्रकल्प उभा राहतो, त्याचा ले-आउट स्वतंत्रपणे मंजूर होतो, भोवती सीमाभिंत येते आणि आतला रस्ता त्या भिंतीशी संपतो. शेजारच्या हिश्श्यावर दुसरा विकासक नेमके तेच करतो. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांकडे जायला मुख्य रस्त्यावर येऊन दीड-दोन किलोमीटरचा वळसा पडतो. या सर्व वस्त्यांना जोडणारा रस्ता कोणता? बहुतेक ठिकाणी तो जुना शिवरस्ता किंवा शेतांमधील पाणंद असते, बैलगाडी जाण्यापुरती आणि वहिवाटीने टिकलेली. तिच्यावर डांबर पडले आणि पंधरा-वीस मजली इमारतींची वाहतूक तिच्या माथी आली. सर्वजण नियमाप्रमाणे वागले तरी हे असेच होईल, कारण नियम एका भूखंडापुरता पाहतो आणि वीण मात्र अनेक भूखंड मिळूनच तयार होते.

हा केवळ पुण्याचा प्रकार नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या आधारे जगभरच्या रस्त्यांची वीण काळानुसार कशी बदलली ते तपासले. १९७५ नंतर जगाच्या बहुतांश भागांत नव्या वस्त्या जुन्यांपेक्षा कमी जोडलेल्या निघत गेल्या, असा त्यांचा २०२० सालचा निष्कर्ष आहे. त्याआधी २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेचा शतकभराचा आलेख मांडला होता, आणि आपल्या दृष्टीने तो अधिक बोलका आहे. तिथे रस्त्यांचा तुटकपणा दशकानुदशके वाढत गेला, १९९० च्या दशकाच्या मध्यास कळसाला पोहोचला आणि त्यानंतर नव्या वस्त्या पुन्हा अधिक जोडलेल्या होऊ लागल्या. मोटारींच्या देशात जर हा कल उलटू शकतो, तर ‘शहर वाढले की असेच होते’ हे वाक्य आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

मात्र कल उलटला तरी आधी झालेले उलटत नाही, आणि या विषयाचे गांभीर्य इथेच आहे. इमारत पन्नास-साठ वर्षांत पाडून पुन्हा बांधता येते, रस्त्याची रेषा शतकानुशतके टिकते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी आले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले. पुढे त्यांच्या जागी इमारती आल्या, आता त्यांचाही पुनर्विकास होतो आहे, परंतु गल्ल्यांच्या रेषा बहुतांशी जागच्या जागी आहेत. न्यूयॉर्कच्या आयुक्तांनी १८११ मध्ये मॅनहॅटन बेटावर चौकटीचे रस्ते आखले, तेव्हा बेटाच्या मोठ्या भागावर शेते आणि खडक होते. दोनशे वर्षांत तिथली घरे अनेकदा बदलली, चौकटी राहिल्या. वस्ती दाट करायची असेल तर वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची परवानगी, देऊन दहा वर्षांत करता येते. बस आज नसेल तर उद्या सुरू करता येते. पाचशे मालकांच्या ताब्यात गेलेल्या जमिनीतून नवा रस्ता काढणे मात्र जवळजवळ अशक्य होऊन बसते. म्हणून शहराच्या बाबतीत ज्या चुका पुढे दुरुस्त करता येतात त्या आणि ज्या येत नाहीत त्या, हा भेद आपण करायला हवा, आणि रस्त्यांची आखणी दुसऱ्या प्रकारात मोडते.

या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप पेठांवरूनच घेतला जातो : पेठांत जर वीण इतकी घट्ट आहे, तर लक्ष्मी रस्त्यावर आणि मंडईत कोंडी का? कोंडी आहे, हे मान्य. परंतु ती कोणाची आहे? संपूर्ण पुणे परिसर खरेदीला, कामाला आणि देवदर्शनाला तिथे येतो. त्याच पेठांत राहणारा माणूस दूध, शाळा, दवाखाना, ग्रंथालय यांसाठी मोटार काढत नाही. शिवाय वीण घट्ट असण्याचा खरा कस गर्दीत लागत नाही, एखादा रस्ता बंद पडला की लागतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे चारही रस्ते मिरवणुकीने व्यापलेले असतात, अनेकदा चोवीस तासांहून अधिक काळ. तरीही माणसे बोळांतून आपल्या घरी पोहोचतात. याउलट सिंहगड रस्त्याकडे पाहावे. एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला पर्वतीची टेकडी आणि कालवा, आणि या पट्ट्यातून धायरी, वडगाव, नऱ्हे येथील सगळ्यांचा शहराकडे येणारा मुख्य रस्ता तो एकच. तिथे एक अवजड वाहन बंद पडले की काही लाख लोकांची सकाळ थांबते. उड्डाणपुलाने त्या रस्त्यावरची रांग वर उचलली, पर्यायी वाट दिली नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मला सर्वांत मनापासून पटतो. सोसायटीच्या आवारात मुले मोकळेपणी खेळतात, वृद्ध संध्याकाळी निर्धास्तपणे फिरतात, कारण तिथून परकी वाहने जात नाहीत. मुख्य रस्ता तुंबला की वाहने वस्तीतल्या गल्ल्यांत शिरतात, हा अनुभव कोथरूडच्या किंवा औंधच्या रहिवाशाला सांगावा लागत नाही. सोसायटीतून रस्ता जाणार म्हटल्यावर सभासद विरोधाला उभे राहतात, त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे आहे. पण हा आक्षेप मोटारींविरुद्ध आहे, चालणाऱ्या माणसाविरुद्ध नाही, आणि आपण दोघांनाही एकाच भिंतीने अडवले आहे. बंद गल्ल्यांची आधुनिक कल्पना ज्या वसाहतीमुळे गाजली, ती न्यू जर्सीतील रॅडबर्न १९२९ मध्ये उभी राहिली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी तिथे मोटारींसाठी गल्ल्या बंद केल्या, परंतु घरांच्या मागून बागांमधून सलग पायवाटा नेल्या आणि मोठा रस्ता ओलांडायला भुयारी वाटही दिली. मूल मोटारीच्या वाटेला न जाता शाळेत पोहोचावे, हाच हेतू होता. पुढे जगभर ज्यांनी नक्कल केली, त्यांनी बंद गल्ली तेवढी उचलली आणि पायवाटा सोडून दिल्या. नेदरलँड्समधील हौटन या गावाने दोन्ही राखले : मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात जायला बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो, सायकलला आणि पायी चालणाऱ्याला थेट वाट असते. सीमाभिंतीत दीड मीटरचे, खांब रोवलेले, रात्री बंद करता येणारे दार ठेवले तर कोणाची सुरक्षितता धोक्यात येते?

आणि त्या सुरक्षिततेचा हिशेबही आपण अर्धाच करतो. भिंतीच्या आत मूल सुरक्षित असते हे खरे. पण एकमेव फाटक ज्या रस्त्यावर उघडते, तो सर्व वस्त्यांची वाहतूक एकत्र आल्यामुळे महामार्गासारखा झालेला असतो. दहा वर्षांच्या मुलाला चारशे मीटरवरच्या शाळेत एकटे पाठवता येत नाही, म्हणून व्हॅन लागते. सत्तरीच्या आजींना समोरच्या औषधांच्या दुकानात जाता येत नाही, म्हणून रिक्षा लागते किंवा कोणाची तरी वाट पाहावी लागते. त्या व्हॅन आणि रिक्षा पुन्हा त्याच रस्त्यावर येतात. जिला आपण सुरक्षितता म्हणतो, तिच्यातला काही भाग आपण भिंतीबाहेरच्या धोक्यात भर घालून मिळवलेला असतो.

वाहतूकशास्त्राच्या अंगाने येणारा आक्षेप असा : नवा रस्ता नवी वाहतूक ओढून आणतो, आणि डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिले होते की जाळ्यात एक दुवा वाढवल्याने काही परिस्थितीत सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि उड्डाणपुलांच्या समर्थकांनी ते वाचायला हवेत. परंतु ते वेगवान, मोठ्या क्षमतेच्या मार्गांना जसे लागू पडतात, तसे वस्तीतील नऊ-बारा मीटरांच्या, दर शे-दीडशे मीटरवर चौक असलेल्या रस्त्यांना लागू पडत नाहीत. असा रस्ता वेगाचे आमिष दाखवत नाही, तो फक्त अंतर कमी करतो. आणि सार्वजनिक वाहतुकीच्या कैवाऱ्यांना तर त्याची सर्वांत जास्त गरज आहे. मेट्रो स्थानकापासून सरळ रेषेत पाचशे मीटरचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे ०.७९ चौरस किलोमीटर जमीन येते. चौकटीच्या रस्त्यांवरून तेवढेच अंतर चालून त्यातील सुमारे ०.५ चौरस किलोमीटरपर्यंत पोहोचता येते. भिंती आणि बंद गल्ल्या असल्या की हे क्षेत्र झपाट्याने आक्रसते, आणि स्थानकाच्या शेजारी राहूनही माणूस पार्किंगमधली दुचाकी काढतो. हजारो कोटींची मेट्रो बांधून तिच्या दारापर्यंतची पायवाट न ठेवणे, याला नियोजन कसे म्हणावे?

टेकड्यांच्या बाबतीत मात्र मला नव्या रस्त्यांच्या विरोधकांच्या बाजूने उभे राहावे लागते. ‘जोडणी’ हा शब्द वापरून वेताळ टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता पुढे केला जातो. विणीच्या कसोटीवर तो टिकतो का? टेकडीच्या उतारावरून जाणाऱ्या त्या रस्त्याला मध्ये चौक मिळणार नाहीत. आधीच भरलेल्या दोन टोकांना जोडणारी ती एक वाढीव नळी ठरेल. त्याच पैशात आणि त्याच चिकाटीने सपाटीवरचे, विकास आराखड्यात दाखवलेले आणि पन्नास-शंभर मीटरच्या तुकड्यासाठी रखडलेले डीपी रस्ते पूर्ण केले, तर जोडणी कितीतरी अधिक होईल. महापालिका ज्यांना ‘मिसिंग लिंक’ म्हणते, ते हेच तुकडे. त्यांना उद्घाटनाचा सोहळा मिळत नाही, म्हणून ते मागे पडतात.

ते रखडतात कशामुळे, हा सर्वांत अवघड आक्षेप आहे. उत्तर सर्वांना ठाऊक आहे : जागा ताब्यात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्यात आरक्षण टाकले जाते, म्हणजे सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवली जाते, मग भूसंपादनाची वाट पाहिली जाते. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण जमिनीच्या मोबदल्यावरून किती वर्षे लांबले, ते त्या भागातले लोक भोगत आहेत. मालकाला टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा आणि दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, नको असतो, रोख मोबदला हवा असतो, आणि महापालिकेकडे तेवढे पैसे नसतात. इथे शेतकऱ्याला अडवणूक करणारा ठरवण्याची घाई होते. पण विचार करावा : रस्त्याची रेषा ज्याच्या शेतावरून गेली त्याची जमीन गेली, आणि जो बांधाला बांध लावून होता त्याच्या जमिनीचा भाव चौपट झाला. एकाच्या त्यागावर दुसऱ्याचा नफा उभा करणारी पद्धत लोकांनी मुकाट्याने का स्वीकारावी?

आणि नेमक्या याच अन्यायावरचा उपाय १९१५ च्या कायद्यात होता. नगररचना योजनेत प्रत्येक मालक थोडी-थोडी जमीन देतो आणि प्रत्येकाला रस्त्यालगतचा, नीट आकाराचा, अधिक किमतीचा भूखंड परत मिळतो. मुंबई राज्याचे १९६० मध्ये दोन भाग झाले तेव्हा हा वारसा दोन्ही राज्यांना सारखाच मिळाला. गुजरातने तो १९७६ च्या आपल्या कायद्यात जपला. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड याच मार्गाने, शेतकऱ्यांना विस्थापित न करता, मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. महाराष्ट्रात मात्र भर आरक्षण आणि संपादन यांवर राहिला आणि नगररचना योजना मागे पडल्या. जमीन एकत्र करायला पुण्याचा शेतकरी तयार होत नाही, हे म्हणणेही खरे नाही. मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी स्वतःहून चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून त्यावर वसाहत उभी केली. पीएमआरडीएनेही, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानेही, म्हाळुंगे-माण येथे नगररचना योजना हाती घेतली. इच्छा आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती घाईची, म्हणजे इमारती येण्याआधी रेषा आखण्याच्या घाईची.

ही घाई आत्ताच करायला हवी, कारण महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, तेव्हा शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि यांतील अनेक गावांत अजूनही शेते शिल्लक आहेत. तिथे पुढील काळात मंजूर होणाऱ्या प्रत्येक ले-आउटला एक अट घालता येईल : आतला किमान एक रस्ता भूखंडाच्या हद्दीपर्यंत जाईल, तो शेजारच्या मंजूर रस्त्याच्या रेषेत असेल आणि सार्वजनिक राहील. दर दीडशे मीटरच्या आत पायी व सायकलने आरपार जाण्याची वाट असेल. जुन्या पाणंदी आणि शिवरस्ते गावनकाशावर नोंदलेले आहेत, ते बुजवले जाण्यापूर्वी त्यांच्यावर हक्क सांगता येईल. बांधून झालेल्या भागांत सक्ती चालणार नाही, तिथे भिंतीत पायवाट उघडणाऱ्या सोसायटीला मिळकत करात सवलत देऊन सुरुवात करावी. आणि विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा रुंदीच्या आकड्यांबरोबर प्रत्येक गावातील चौक किती, तिठे किती आणि भिंतीशी संपणारे रस्ते किती, हे जाहीर करण्याची मागणी नागरिकांनी लेखी नोंदवावी. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको, वेगळा निधीही नको. नगररचना विभागाकडे असलेल्या मंजूर ले-आउटच्या नकाशांवरून तो आकडा काढता येतो.